वही कोणाची, जाब कोणाला?

(नोएडातील लघुउद्योग आणि संगणकीय हिशोबव्यवस्था या विषयावरील भाषण)



लहान कारखानदार आणि दुकानदार यांच्या हिशोबासाठी संगणकावर व मोबाइलवर जी नवी साधने आली आहेत, त्यांचा विचार आज करावयाचा आहे. हा विषय मुनीम, लेखापाल आणि करसल्लागार यांचा. कामगार चळवळीच्या कार्यकर्त्याला त्याच्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. परंतु हिशोबाची वही ही कधीच केवळ आकड्यांची वही नसते. कोण कोणाचे किती देणे लागतो, हे तिच्यावरून ठरते. म्हणूनच ती वही कोणाच्या ताब्यात आहे, तिच्यात कोण लिहितो, ती कोण वाचू शकतो आणि तिच्या आधारे जाब कोणाला विचारला जातो, हे आर्थिक सत्तेचे प्रश्न आहेत.

दिल्लीला लागून असलेले नोएडा हे औद्योगिक शहर या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. हिशोबाची आणि व्यापाराची साधने चालविणाऱ्या मोठ्या कंपन्यांची मुख्यालये तेथे आहेत. आणि त्याच शहरात, काही किलोमीटरच्या आत, ती साधने वापरणारे हजारो लहान कारखाने आहेत. वही बनविणारा आणि वहीत ज्याचे नाव चढते तो, असे दोघेही एकाच शहरात पाहावयास मिळतात.

आणीबाणीत जन्मलेले शहर

नोएडा हे मुळात गावाचे नाव नव्हे. न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी या प्राधिकरणाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून ते तयार झाले. उत्तर प्रदेशाच्या १९७६ च्या औद्योगिक क्षेत्र विकास कायद्यान्वये त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी, म्हणजे आणीबाणीच्या काळात, या प्राधिकरणाची स्थापना झाली. यमुनेच्या अलीकडे दिल्लीतील ओखला, पलीकडे हे ‘नवे ओखला’. शेतकऱ्यांच्या जमिनी संपादन करून तेथे औद्योगिक भूखंड पाडण्यात आले. १९८५ मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले. १९९७ मध्ये गौतम बुद्ध नगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. स्थापनेनंतरची अनेक दशके या शहराचा कारभार निवडून आलेल्या नगरपालिकेविना, प्राधिकरणामार्फतच चालला.

आज नोएडाचे नाव घेतले की काचेच्या इमारती आणि सॉफ्टवेअर कंपन्या डोळ्यांसमोर येतात. २०१८ मध्ये सॅमसंग कंपनीने तेथे मोबाइलचा प्रचंड कारखाना उभारला, त्याचीही प्रसिद्धी झाली. परंतु त्याच २०१८ साली उत्तर प्रदेश सरकारने ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ ही योजना जाहीर केली, तेव्हा या जिल्ह्याच्या नावापुढे ‘तयार कपडे’ असे लिहिले गेले, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. होजियरी कॉम्प्लेक्स आणि त्याच्या आसपासची सेक्टरे ही निर्यातीच्या कपड्यांची मोठी कार्यशाळा आहे, आणि येथील हिशोबाचा प्रश्न समजून घ्यावयाचा तर या कपड्यांच्या साखळीपासूनच आरंभ केला पाहिजे.

परदेशी व्यापारी कंपनी निर्यातदाराला मागणी देते. निर्यातदार कापड घेतो, नमुना तयार करतो आणि कामाचा काही भाग स्वतःच्या कारखान्यात ठेवून शिलाई, भरतकाम, छपाई, धुलाई, काजे-बटणे यांपैकी पुष्कळसे काम बाहेर देतो. हे काम घेणाऱ्या लहान मालकाला तेथे ‘फॅब्रिकेटर’ म्हणतात. भाड्याच्या मजल्यावर दहा-वीस यंत्रे, बहुधा बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर, आणि नगावर ठरलेली मजुरी असा त्याचा संसार असतो. कापड त्याचे नाही, नमुना त्याचा नाही, दर तो ठरवीत नाही. कागदोपत्री तो मालक आहे. प्रत्यक्षात मात्र मोठ्या भांडवलाने आपल्या कारखान्याच्या भिंतीबाहेर काढलेला तो एक विभाग आहे. इचलकरंजीचा खर्चीवाला यंत्रमागधारक किंवा भिवंडीचा मजुरीवर कापड विणून देणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

वहीपासून पडद्यापर्यंत

या फॅब्रिकेटरची जुनी वही साधी होती. किती नग आले, किती गेले, कोणत्या कारागिराने किती शिवले, कोणी किती उचल घेतली आणि वरच्याकडून किती येणे आहे, एवढेच तिच्यात असे. महिन्याकाठी मुनिमाकडून खतावणी करून घेतली की काम भागे.

संगणकीय हिशोबाचा प्रवेश या व्यवहारात हळूहळू झाला. बंगळूरच्या गोयंका पितापुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या उद्योगातून टॅली हे सॉफ्टवेअर पुढे आले आणि देशभरच्या लेखापालांच्या हातात गेले. १९९७ मध्ये दिल्लीत बिझी ही कंपनी निघाली. हे सारे संगणकासमोर बसणाऱ्या शिकलेल्या माणसासाठी होते. २०१७ च्या आसपास आणि त्यानंतर मात्र ओकेक्रेडिट, खाताबुक, व्यापार अशी मोबाइलवर चालणारी साधने आली आणि किराणा दुकानदारापासून शिलाईच्या कारखान्यापर्यंत सर्वत्र पसरली.

या साधनांचा उपयोग आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. बेरीज चुकत नाही. उधारीची आठवण परस्पर जाते. माल किती शिल्लक आहे ते कळते. वही भिजली, हरवली, कसर लागली, ही भीती राहत नाही. हिशोबाचे ज्ञान मूठभर मुनिमांच्या हाती असे, ते काही अंशी सामान्य माणसाच्या हाती आले. मार्क्सने ‘भांडवल’च्या दुसऱ्या खंडात हिशोबनविशीचा विचार केलेला आहे. उत्पादन जितके अधिक सामाजिक स्वरूपाचे होत जाते तितकी हिशोबाची आवश्यकता वाढते, आणि सामूहिक उत्पादनात तर ती भांडवली उत्पादनापेक्षाही अधिक असेल, असे त्याने दाखवून दिले. भारतातील प्राचीन ग्रामसमुदायात शेतीचा हिशोब ठेवणारा स्वतंत्र माणूस असे, याचीही त्याने नोंद घेतली आहे. महाराष्ट्रातील वाचकाला येथे गावचा कुलकर्णी आठवेल. तेव्हा हिशोबाच्या नव्या साधनाला विरोध करण्याचे कारण नाही. हे साधन कोणत्या संबंधांत काम करते, हे तपासावयाचे आहे.

कराचे यंत्र कोणाकडे पाहते

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागू झाला आणि संगणकीय हिशोब ही लहान उद्योगाच्या आवडीनिवडीची बाब राहिली नाही. बिले ठराविक पद्धतीने संगणकावर चढविणे, विवरणपत्र भरणे, त्याची तारीख पाळणे, हे सक्तीचे झाले. या कराची मुख्य कल्पना अशी की, माल विकत घेणाऱ्याने आधीच्या टप्प्यावर भरलेल्या कराची वजावट मिळवावी. आणि ती मिळण्यासाठी विकणाऱ्याचे बिल व घेणाऱ्याची नोंद यांचा मेळ बसावा. हा मेळ घालण्याचे काम यंत्र करते. २०२० पासून प्रत्येक खरेदीदाराला वजावटीचे तयार पत्रक संगणकावर मिळू लागले. १ जानेवारी २०२२ पासून, विकणाऱ्याने आपल्या विवरणपत्रात बिल दाखविले नसेल तर घेणाऱ्याला वजावट नाही, असा नियम कायद्यातच घालण्यात आला. ई-बिलाची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांपासून सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी ती ५ कोटींपर्यंत खाली आली. अवघ्या तीन वर्षांच्या आत ही शिस्त शंभरपट लहान उद्योगापर्यंत पोहोचली.

आता याचा परिणाम फॅब्रिकेटरवर कसा होतो ते पाहू. समजा, त्याने मे महिन्यात एक लाख रुपयांच्या शिलाईचे बिल केले. कपड्यांच्या अशा कामावर ५ टक्के कर, म्हणजे पाच हजार रुपये. हा कर त्याने जून संपण्यापूर्वी सरकारात भरला पाहिजे, कारण बिल झाले की कर देय होतो. पैसे हाती आले की नाही, हे कायदा विचारीत नाही. निर्यातदार मात्र पैसे ऑगस्टमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये देतो. मधल्या काळात कारागिरांची मजुरी, जागेचे भाडे, दोरा, वीज हे सारे फॅब्रिकेटरने भागवावयाचे आणि वर, जे पैसे अद्याप मिळालेलेच नाहीत त्यांवरचा करही आपल्या खिशातून भरावयाचा. कराला उशीर झाला तर वर्षाला १८ टक्के व्याज, आणि विवरणपत्राला उशीर झाला तर विलंब शुल्क. हे व्याज यंत्र स्वतःच मोजते. त्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नाही. लहान माणूस अशा रीतीने एकाच वेळी सरकारला आणि आपल्याहून कितीतरी मोठ्या व्यापाऱ्याला बिनव्याजी भांडवल पुरवितो.

एवढ्यावर हे थांबत नाही. बिल पत्रकात दिसेपर्यंत पैसे रोखून धरण्याचे नवे कारण मोठ्या खरेदीदाराला मिळाले. ऑक्टोबर २०२४ पासून आलेले बिल स्वीकारणे, नाकारणे किंवा प्रलंबित ठेवणे, अशी सोय खरेदीदाराला संगणकावर देण्यात आली. चूक दुरुस्त करण्यासाठी अशी सोय उपयुक्त आहे हे खरे. परंतु ज्याच्या हाती पुढच्या महिन्याचे काम देणे किंवा न देणे आहे, त्याच्याच बोटाखाली बिलाचे भवितव्यही आले, हेही तितकेच खरे आहे.

४५ दिवसांच्या कायद्याचे काय झाले

लहान पुरवठादाराला वेळेवर पैसे मिळावेत यासाठी या देशात कायदा नाही, असे मुळीच नाही. उशिरा दिलेल्या पैशावर व्याज आकारण्याचा पहिला कायदा १९९३ चा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याने ४५ दिवसांची कमाल मुदत घातली. ती मोडली तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागेल, असे स्पष्ट लिहिले. अशी थकबाकी खरेदीदाराने आपल्या वार्षिक हिशोबात उघड केली पाहिजे, असेही म्हटले. २०१७ मध्ये तक्रारीसाठी ‘समाधान’ नावाची संगणकीय व्यवस्था झाली. २०१९ पासून कंपन्यांना अशा थकबाकीचे सहामाही विवरणपत्र भरावे लागू लागले. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद केली की, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नाही. ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली.

कायद्यांची ही यादी लांबलचक आहे. परंतु तिच्यातील एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. कर चुकला तर यंत्र आपोआप जागे होते. पैसे चुकले तर मात्र लहान पुरवठादाराने स्वतः उठून तक्रार केली पाहिजे. आणि तक्रार करणे म्हणजे आपल्या एकुलत्या एका गिऱ्हाइकाशी वैर घेणे. शिवाय या कायद्याचे संरक्षण नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगालाच मिळते. नोंदणी नसलेल्या शिलाईखान्याने व्याज कोणाकडे मागावे?

यात तांत्रिक अडचण कोणती आहे? बिल कोणत्या तारखेला झाले हे यंत्राला ठाऊक असते. बँकेतून पैसे कोणत्या तारखेला गेले याचीही नोंद असतेच. या दोन तारखांचा मेळ घातला तर कोणत्या कंपनीने किती लहान पुरवठादारांचे किती पैसे किती दिवस अडकवले, हे महिन्याच्या महिन्याला समजू शकेल. जे यंत्र पाच हजारांच्या कराचा मेळ घालू शकते, ते एक लाखाच्या थकबाकीचा मेळ का घालीत नाही? कारण कोणत्या दोन आकड्यांचा मेळ घालावयाचा हे यंत्र ठरवीत नाही. ते राज्यकर्ते ठरवितात, आणि त्यांच्यावर ज्यांचा दाब असतो ते ठरवितात.

हिशोब देण्याची सक्ती खाली जितकी कडक, तितकी ती वर सैल असते, याचा दाखला नोएडातच आहे. ज्या प्राधिकरणाने हे भूखंड वाटले ते दीर्घकाळ देशाच्या महालेखापरीक्षकांच्या कक्षेबाहेर होते. २००५-०६ ते २०१७-१८ या वर्षांतील भूसंपादन व भूखंडवाटप यांची तपासणी करणारा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळापुढे आला आणि त्यात वाटपातील गंभीर दोष व बिल्डरांकडील प्रचंड थकबाकी यांवर बोट ठेवण्यात आले. शिलाईखान्याचा मालक त्या वेळी चार वर्षे नियमाने विवरणपत्रे भरीत होता.

वहीचा मालक कोण

आता वहीच्या मालकीचा प्रश्न. जुनी वही लहान मालकाच्या फडताळात असे. नवी वही कोणा कंपनीच्या संगणकात असते आणि लहान मालकाला ती पाहण्याची परवानगी असते, एवढेच.

नोएडात मुख्यालय असलेली इंडियामार्ट ही कंपनी लहान उत्पादकांना गिऱ्हाईक मिळवून देण्याचा इंटरनेटवरील बाजार चालविते. याच कंपनीने २०१९ मध्ये ‘व्यापार’ या हिशोबाच्या साधनात भांडवल गुंतविले आणि २०२२ मध्ये ५०० कोटी रुपयांना ‘बिझी’ ही हिशोबाची कंपनी संपूर्ण विकत घेतली. यात बेकायदा काही नाही, आणि त्या कंपनीने कोणाची माहिती गैर रीतीने वापरली असाही येथे आरोप नाही. प्रश्न रचनेचा आहे. उत्पादक ज्या बाजारात गिऱ्हाईक शोधतो तो बाजार आणि आपले खरेदीदर, विक्रीदर व उधारी तो ज्या वहीत लिहितो ती वही, या दोन्ही गोष्टी एकाच भांडवलाच्या हाती एकवटणे ही मक्तेदारीची ओळखीची वाटचाल आहे.

दुसरे उदाहरण पेटीएमचे. ही कंपनीही नोएडाचीच. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीनंतर तिचे चौकोनी चिन्ह चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्याशी संलग्न असलेल्या पेमेंट्स बँकेवर कडक निर्बंध घातले आणि मार्चच्या मध्यापर्यंत असंख्य दुकानदारांना आपली जमा दुसऱ्या बँकांत वळवावी लागली. नियम मोडल्याचा ठपका बँकेवर होता. धावपळ मात्र टपरीवाल्याच्या वाट्याला आली.

तिसरी गोष्ट कर्जाची. खातेदाराच्या संमतीने त्याचे आर्थिक व्यवहार सावकारी संस्थेला दाखविणारी ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’ ही व्यवस्था सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. २०२२ मध्ये जीएसटीची विवरणपत्रेही तिच्या कक्षेत आणण्याचा मार्ग रिझर्व्ह बँकेने मोकळा केला. तारण नसलेल्या लहान उद्योगाला त्यामुळे कर्ज मिळणे सोपे होईल असे सांगितले जाते, आणि काही अंशी ते खरेही आहे. परंतु ज्याला उद्या मजुरी वाटावयाची आहे त्याची ‘संमती’ कितीशी स्वतंत्र असते? २०२३ चा माहिती संरक्षण कायदा व्यक्तीच्या माहितीपुरता आहे. भागीदारी संस्थेच्या किंवा कंपनीच्या व्यापारी नोंदींना त्याचा आधार मिळत नाही.

सुप्याची होळी

महाराष्ट्राच्या इतिहासात वहीचा हा प्रश्न एकदा रस्त्यावर आलेला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला, आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तो वणवा पसरला. त्या लोकांनी रोखे, खतपत्रे आणि हिशोबाच्या वह्या शोधून काढून जाळल्या. माणसांवर हात टाकण्याचे प्रसंग त्या मानाने थोडे होते. कर्जदार निरक्षर, वही सावकाराच्या हाती, आणि न्यायालय वहीत लिहिलेले तेवढेच खरे मानणारे. ज्या कागदात आपले नाव आहे पण जो आपल्याला वाचता येत नाही, तो कागद हीच आपली बेडी आहे, हे त्या शेतकऱ्याने बरोबर ओळखले होते.

त्यानंतर १८७९ मध्ये डेक्कन शेतकरी दिलासा कायदा झाला. कर्जदाराला लेखी पावती, वर्षाचे हिशोबपत्रक आणि नोंदवही मागण्याचा हक्क त्यात देण्यात आला. न्यायालयाला रोख्यापाठीमागचा खरा व्यवहार तपासता येऊ लागला. त्या कायद्याने सावकारशाही संपली नाही. तथापि एक तत्त्व प्रस्थापित झाले: ज्याचे नाव वहीत आहे त्याला ती वही पाहण्याचा अधिकार आहे. आजच्या संगणकीय वहीला हेच तत्त्व लावावयाचे आहे.

वहीतील शेवटची ओळ

या साऱ्या चर्चेत एक माणूस अजून आलेला नाही. तो म्हणजे यंत्रावर बसून शिवणारा कारागीर. फॅब्रिकेटरची बाजू मांडताना त्याचे दुसरे रूप झाकता कामा नये. वरून तो दबलेला आहे, आणि तो दाब तो खाली ढकलतो. निर्यातदाराला दाखविण्याचे बिल संगणकावर पक्के असते. कारागिराचे नग मात्र चिठ्ठीवर किंवा केवळ तोंडी असतात. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे २० किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागतो. काम लहान लहान तुकड्यांत वाटले की तो आकडा गाठलाच जात नाही. लहान मालकाकडून कारागिराचा जो हिशोब दडविला जातो, त्याचा अंतिम लाभ मात्र कमी दरात कपडा मिळविणाऱ्या साखळीच्या वरच्या टोकालाच होतो.

संगणकीय वही खालच्या माणसासाठी उघडता येते, याचा पुरावाही याच क्षेत्रात आहे. भविष्यनिर्वाह निधीत २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एक कायम क्रमांक मिळू लागला. मालकाने आपल्या नावावर खरोखर पैसे भरले की नाहीत, हे कामगार आज आपल्या मोबाइलवर पाहू शकतो. पूर्वी त्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागत. म्हणजे यंत्र तेच; ते मालकाप्रमाणे मजुरालाही दाखविण्याचा निर्णय घेतला गेला, आणि कामगाराच्या हाती एक हत्यार आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांबद्दल कामगार संघटनांचे तीव्र आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. तरीही वेतन संहितेत प्रत्येक मालकावर वेतनचिठ्ठी देण्याचे बंधन आहे, आणि या बंधनाचा उपयोग करून घेतलाच पाहिजे.

मागण्या कोणत्या

नव्या यंत्रापुढे चळवळ प्रथमच उभी राहते आहे असे नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील संगणकाविरुद्ध कलकत्त्यात मोठा लढा झाला. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला. यंत्र येणार असेल तर ते कोणत्या अटींवर, हे वाटाघाटीने ठरविता येते, हा त्या करारातून मिळणारा धडा आहे. त्याच रीतीने आज पुढील मागण्या मांडता येतील.

पहिली, बिलाच्या तारखेबरोबर पैसे चुकते झाल्याची तारीखही सरकारी यंत्रणेत नोंदली जावी, ४५ दिवसांनंतरचे व्याज करावरील व्याजाप्रमाणेच तक्रारीविना आपोआप मोजले जावे, आणि थकबाकीदार कंपन्यांची यादी प्रसिद्ध व्हावी.

दुसरी, सूक्ष्म उद्योगाला कर बिलाच्या तारखेला न लागता पैसे हाती आल्यावर लागावा.

तिसरी, हिशोबाचे मोफत साधन सार्वजनिक मालकीचे आणि मराठी, हिंदी व इतर भारतीय भाषांत असावे. जीएसटीच्या जाळ्याची कंपनी २०१३ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्यात ५१ टक्के वाटा बिगरसरकारी वित्तसंस्थांचा होता. २०१८ मध्ये ती संपूर्ण सरकारी करण्याचा निर्णय घ्यावा लागला. २०१९ मध्ये दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या उद्योगांना मोफत सॉफ्टवेअर देण्याचे जाहीर झाले. परंतु तेही खासगी कंपन्यांचेच होते. करासाठी जे जाळे सार्वजनिक होऊ शकते, ते हिशोबाच्या वहीसाठीही होऊ शकेल.

चौथी, लहान उद्योगाला आपली संपूर्ण वही एका कंपनीकडून दुसरीकडे विनामूल्य नेता यावी, दिलेली संमती केव्हाही मागे घेता यावी, आणि बाजार चालविणाऱ्या कंपनीला वहीतील दर पाहण्यास कायद्याने मनाई असावी.

पाचवी, आणि सर्वांत महत्त्वाची, शिवलेल्या प्रत्येक नगाची नोंद कारागिराला त्याच्या भाषेत त्याच्या मोबाइलवर दिसावी, आणि तीत काम ज्याचे आहे त्या निर्यातदाराचे नावही असावे. मजुरी बुडाली तर जबाबदारी कोठवर जाते, हे त्यामुळे स्पष्ट होईल.

पहिल्या चार मागण्या लहान मालकाच्या हिताच्या आहेत. पाचवी त्याला आरंभी जाचक वाटेल. परंतु तिच्यावाचून इतर चार टिकणार नाहीत. निर्यातदाराविरुद्ध एकट्या फॅब्रिकेटरने उभे राहणे अशक्य आहे. ज्या दिवशी त्याच्या कारखान्यातील कारागीर त्याच्या बाजूने साक्ष देईल, त्या दिवशी त्याच्या तक्रारीला बळ येईल. आणि आपला हिशोब चोख मिळाल्याखेरीज कारागिराने त्याच्या बाजूने का उभे राहावे?

नोएडातील प्रश्न नोएडापुरता नाही. जीएसटीचा कायदा एकच आहे, यंत्र एकच आहे, आणि पैसे अडकविण्याची रीतही सर्वत्र सारखीच आहे. भिवंडीत, इचलकरंजीत, पिंपरी-चिंचवडच्या लहान कारखान्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा अभ्यास आपापल्या ठिकाणी करावयास हवा: बिल कधी झाले, कर कधी भरला, पैसे कधी आले, मजुरी कधी वाटली, या चार तारखा दहा कारखान्यांतून जमवाव्यात. त्या चार रकान्यांच्या कागदावर कोण कोणाच्या भांडवलावर व्यापार करतो, ते कोणालाही वाचता येईल. तो कागद हाती घेऊनच पुढील आंदोलनाची आखणी करता येईल.